जन्मली सात, जिवंत आठ

१

एक होतं खोरं. खोऱ्यात एक ओढा, ओढ्याच्या काठाला एक लाकडी घर, आणि त्या घरात माणसं तीन. वर्ना स्टिडम नावाची बासष्ट वर्षांची विधवा, तिची लेक लोरीन, आणि लोरीनचा नवरा कर्टिस. कर्टिस स्वभावाने गरीब, लोरीन जिभेची तिखट, आणि वर्ना दोघांचं ऐकून घेणारी, ऐकलेलं कधी न विसरणारी. केंटकीच्या त्या डोंगरात अशी घरं पुष्कळ. या घरात सगळं होतं, तेवढं मूल नव्हतं.

तीनदा दिवस गेले होते लोरीनला. पहिलं पाचव्या महिन्यात गेलं. दुसरं जन्मलं, अकरा दिवस राहिलं, त्याचं नावही ठेवून झालं होतं. तिसरं आतल्या आतच थांबलं. आता छत्तिसाव्या वर्षी चौथ्यांदा राहिलं, तेव्हा लेक्सिंग्टनच्या डॉक्टरणीने एक कागद हातात दिला. आईकडच्या बायकांची माहिती भरून आणा, म्हणाली. आई, आजी, पणजी, खापरपणजी. प्रत्येकीला किती झाली, किती राहिली.

लोरीनने कागद जेवणाच्या टेबलावर आपटला. "घे. तुझ्या डोक्यात सगळ्या खोऱ्याच्या कुंडल्या आहेत, हेही लिही."

वर्नाने बोटं मोडत मोजलं. "मला दोन झाली. तू राहिलीस, वेंडेल चौदा महिन्यांचा होऊन तापाने गेला. माझ्या आईला, डेलाला तीन, तिन्ही राहिली. आजीला, ओनाला पाच."

"आणि तिच्या आईला?"

"किझायाला? देव जाणे. थडग्यावर नाव आहे."

"थडग्यावर बायकांच्या पोटाचं कोण लिहितं, आई? जा, शोधून काढ. हे गेलं तर मी पुन्हा या फंदात पडणार नाही, सांगून ठेवते." आणि ती उठून भांडी घासायला लागली, पाठ करून, म्हणजे तोंड दिसायला नको.

२

गावच्या वाचनालयाच्या तळघरात जुने कागद होते. तिथे ऑर्व्हिल टॅकेट बसायचा. चाळीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेला विधुर. जिवंतांची पत्रं संपली म्हणून मेलेल्यांची चाळतो, असं तो स्वतःच सांगायचा.

"या वर्नाबाई. कोट काढा. इथल्या लोकांना कसली घाई नाही."

वर्ना वाचायला अडखळायची. शाळा तिसरीतच सुटलेली. म्हणून ऑर्व्हिल यंत्राच्या काचेत जुन्या कागदांची फिल्म सरकवायचा, वाचून दाखवायचा, आणि ती बोट ठेवून मागून जायची. १९०० सालच्या शिरगणतीत किझाया सापडली. वय पन्नास, विधवा, शेती.

"हे दोन रकाने बघा," ऑर्व्हिल म्हणाला. "त्या साली प्रत्येक आईला विचारलंय. पोरं जन्मली किती, आणि आज जिवंत किती. तुमच्या डॉक्टरणीला हेच हवंय. जन्मली सात. जिवंत..."

तो थांबला. चष्मा पुसला.

"जिवंत आठ."

दोघं हसली. खरंच हसली, तळघर घुमलं.

"तुमची पणजी गणितात भलतीच उदार होती हो!"

"मोजणीवाल्याला आमच्या ओढ्यावरचं पाणी पाजलं असेल," वर्ना म्हणाली. त्या काळी त्या ओढ्यावर मक्याची दारू गळायची, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक.

सातच्या सात जगली होती, ही गोष्ट तिला फार बरी वाटली. घटसर्पाने घरंच्या घरं निजायची तेव्हा. सात जन्मली, सात राहिली, असं ती डॉक्टरणीच्या कागदावर लिहिणार होती. मग ऑर्व्हिलने खालच्या ओळी वाचल्या. घरात राहणारी पोरं: मुलगा, मुलगा, ओना, मुलगा. आणि शेवटची ओळ.

"टॅम्सिन. मुलगी. वय दोन."

"पन्नासाव्या वर्षी दोन वर्षांची मुलगी?"

"नात असेल. मोजणीवाले काय, दारातून ओरडून विचारायचे आणि ऐकू येईल ते लिहायचे."

वर्नाने घरी येऊन पेटीतलं जुनं बायबल काढलं. किझायाच्या हाताने लिहिलेले जन्म त्यात होते. सात नावं. टॅम्सिन नव्हतं.

३

एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. कागद भरून झाला होता. तरी पुढच्या मंगळवारी वर्ना पुन्हा तळघरात. आपण का आलो हे तिला सांगता आलं नसतं.

"१९१० काढा," ती म्हणाली.

किझाया तोवर गेलेली. ओनाचं घर सापडलं. नवरा, पोरं. मोजणीवाला दुसरा, अक्षर दुसरं, शाईसुद्धा फिकी. जन्मली तीन. जिवंत चार. शेवटच्या ओळीत टॅम्सिन, वय दोन.

या वेळी कोणी हसलं नाही.

"नाव घराण्यात चालत असेल," ऑर्व्हिल म्हणाला. "आजीचं नातीला. माझ्या घराण्यात पाच ऑर्व्हिल आहेत, पाचही टकले."

"मागे जा."

१८९० चे कागद आगीत गेलेले. १८८०: किझाया तिशीतली, टॅम्सिन, वय दोन. १८७०: किझाया वीस वर्षांची, लग्नाला वर्षही झालेलं नाही, पहिलं मूल अजून पोटातही नाही. घरात नवरा, बायको, आणि टॅम्सिन, वय दोन. मग पुढचे काढले. १९२०, ओनाचं घर. १९३०, ओनाचंच घर, तिथे वर्नाची आई डेला अठरा वर्षांची. दोन्हींत शेवटची ओळ तीच. साठ वर्षांत सहा कागद, सहा अक्षरं, आणि ती पोर अजून तीन वर्षांची झालेली नाही.

ऑर्व्हिल एकेका कागदाला एकेक कारण देत गेला. पोरकी भाची. चुलत नात. जुन्या कागदावरून उतरवलेलं. प्रत्येक कारण चांगलं होतं. वर्ना मान डोलवत राहिली. सहा चांगली कारणं एका ओळीत मांडली की ती कशी दिसतात, हे दोघांनाही दिसत होतं.

"चाळीसचा काढा."

"तो अजून दोन वर्षं उघडत नाही. माणसांची नावं बहात्तर वर्षं झाकून ठेवतात, कायदा आहे." आणि त्याने दिवा मालवला, दुपारचे तीन वाजले होते तरी.

गाडीतून घरी येताना वर्नाला साठ साल आठवलं. ती बारा वर्षांची. आई ओसरीत शेंगांच्या शिरा काढत बसलेली, समोर टोपीवाला मोजणीदार. आईने नवऱ्याचं नाव सांगितलं, तिन्ही पोरांची सांगितली, आणि मग तोंड जरा फिरवून म्हणाली, "आणि टॅम्सिन. दोन वर्षांची."

वर्ना फिसकन हसली होती. "कोण टॅम्सिन?"

आईने तिला मारलं. ओल्या हाताने, गालावर, परक्या माणसासमोर. उभ्या आयुष्यात एकदाच. आणि मारताना तिची नजर वर्नावर नव्हती. ती मोजणीदाराच्या पेन्सिलीकडे बघत होती.

४

डेलाची धाकटी बहीण आइसी त्र्याण्णव वर्षांची होऊन वृद्धाश्रमात खिडकीशी बसलेली असायची. वर्नाने तिला तळलेली सफरचंदं नेली.

"कोण? डेलाची पोर का? किती सुटलीस गं."

"मावशी, टॅम्सिन कोण?"

आइसीने घास गिळला. सावकाश. "कुठे भेटली तुला?"

"कागदावर."

"तिथेच भेटते." तिने डबा मांडीवरून बाजूला ठेवला. "सफरचंदांत दालचिनी जास्त झाली. तुझ्या आईचाही हात असाच."

"मावशी."

"काय मावशी मावशी! मला चार झाली, ठाऊक आहे तुला? चारी मी या हातांनी धुतली आणि पुरली. डेलाला तीन झाली, तिन्ही घोड्यासारखी वाढली. चर्चला मी जात होते, ती नाही. मुलांच्या अंगावर लोकर मी घालत होते, ती नाही. मग?"

वर्नाने डब्याला झाकण लावलं.

"चाळीस साली मोजणीवाला माझ्या दारात आला. मीही सांगितलं. आणि टॅम्सिन, म्हटलं, दोन वर्षांची. त्याने लिहायला पेन्सिल टेकवली. मग वाकून माझ्यामागे बघितलं, घरात. बराच वेळ बघितलं. म्हणाला, बाई, इथे तर कोणी नाही." आइसी खिडकीबाहेर बघत होती. "दोन मैलांवर डेलाचं घर. तिथे न विचारता लिहून आला असेल."

"काहीतरीच बोलतेस."

"बोलते. म्हातारी झाले. तू सांग, ऐंशी साली तू काय लिहिलंस?"

"तेव्हा फॉर्म टपालाने आला होता. आई जाऊन दोन वर्षं झालेली. मी खरं ते लिहिलं. मी, नवरा आणि लोरीन."

"आणि वेंडेल कधी गेला?"

"पुढच्या वर्षी. त्याला ताप आला होता, मावशी. डॉक्टर म्हणाले, ताप."

"हो हो," आइसी म्हणाली. "ताप." आणि ती हसली, दात नसलेलं. निघताना वर्नाने विचारलं, ती दिसते कशी? तेव्हा म्हातारीचा चेहरा पार कडू झाला.

"मला काय विचारतेस? माझ्याकडे ती आली कधी?"

५

वर्ना बावळट नव्हती. तिने स्वतःला सगळं समजावलं. म्हातारीचं डोकं फिरलंय. चार पोरं पुरल्यावर कोणाचंही फिरेल. आणि घराण्यात एक वेडगळ सवय असेल, मोजणीवाल्याला एक जादा नाव सांगायची, जशी काहींना ताटाबाहेर घास ठेवायची असते. बायकांनी ती लेकींना दिली. डेलाने मला दिली नाही, कारण मी हसले. एवढंच.

हे सगळं पटण्यासारखं होतं. भांडी घासताना पटायचं, कोंबड्यांना दाणे टाकताना पटायचं. लोरीन जिन्यावरून पोटावर हात ठेवून उतरताना दिसली की पटेनासं व्हायचं.

तेही साल नेमकं शिरगणतीचं होतं. २०१०. मार्चमध्ये टपालाने फॉर्म आला. लोरीनने तो फ्रिजला लावून ठेवला. "कर्टिस, भर रे हा. तीन माणसं, तीन ओळी. तुला जमेल."

दुसऱ्या दिवशी फॉर्म तिथे नव्हता. तो वर्नाने पिठाच्या डब्याखाली सरकवला होता. सत्तर साली मोजणीवाला दारात आला होता, त्याच्याशी डेला बोलली होती, आणि चार वर्षांनी लोरीन जन्मून जगली होती. कागद परत गेला नाही की सरकार माणूस पाठवतं. पेन्सिलवाला, डोळे असलेला माणूस. वर्नाला तो हवा होता. आणि तो आला, तर? त्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, इथे कोणी नाही, तर? आणि तो तसं म्हणाला नाही, तर?

"आई, फॉर्म पाहिलास?"

"कर्टिसने भरला असेल."

"मी? मला वाटलं लोरीनने."

"बघा! या घरात एक कागद धड राहत नाही, मूल काय राहणार," लोरीन म्हणाली. कर्टिस बाहेर जाऊन लाकडं फोडत बसला, लाकडं पुरेशी होती तरी.

एप्रिलमध्ये लोरीनला रक्ताचे डाग दिसले. डॉक्टरणीने झोपून राहायला सांगितलं.

६

मेच्या अखेरीस एका दुपारी ती आली. पंचविशीतली पोर, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला काळी पिशवी. नाव ड्रीमा. कर्टिस लोरीनला तपासणीला घेऊन गेला होता. घर रिकामं होतं. वर्नाने आधी सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारली होती, मागचं दार आतून लावलं होतं.

"कुत्रा आहे का हो काकू? मागच्या घरी माझी अर्धी चप्पल राहिली."

"नाही गं. बस."

वर्ना ओसरीतल्या खुर्चीत बसली, घराच्या जाळीच्या दाराकडे पाठ करून. तिने खुर्ची मुद्दाम तशी ठेवली होती. ड्रीमा समोर बसली, तिचं तोंड दाराकडे.

"फॉर्म पाठवला नाहीत ना? बरंय, त्यामुळेच माझं पोट चालतं. एक एप्रिलला या घरात माणसं किती होती?"

"चार."

"नावं सांगा."

वर्नाने आपलं सांगितलं. लोरीनचं सांगितलं. कर्टिसचं सांगितलं, वय चुकवलं, सुधारलं. ओढ्याचा आवाज येत होता. कोंबडी कुठेतरी माती उकरत होती.

"आणि चौथं?"

वर्नाने ॲप्रनची कड सरळ केली. ती बासष्ट वर्षं खोटं न बोललेली बाई होती, फार तर केकची कृती सांगताना एखादी वस्तू गाळायची तेवढी.

"टॅम्सिन."

पेन्सिल टेकली आणि थांबली. ड्रीमाने मान वर केली. वर्नाच्या खांद्यावरून मागे बघितलं. मग नजर खाली उतरली, गुडघ्याच्या उंचीला आली, आणि तिथे थांबली. किती वेळ, देव जाणे. वर्नाला आइसी आठवली. आता म्हणेल. आता म्हणेल, काकू, इथे तर कोणी नाही. म्हण बाई, म्हण, असं तिला वाटलं. आणि लगेच लोरीनचं पोट डोळ्यांसमोर आलं, आणि नको म्हणूस, असंही तितक्याच जोराने वाटलं.

ड्रीमाचा चेहरा सैल झाला. ती हसली, लहान मुलाकडे बघून हसतात तशी.

"वय?"

"दोन."

"वाटलंच." तिने लिहिलं. "लाजतेय. नाक बघा कसं चेपलंय जाळीला. आत घ्या हो तिला काकू, जाळी फाटेल."

मागे तार कुरकुरली.

वर्ना वळली नाही. ड्रीमाने पिशवी भरली, आभार मानले, कोणाला तरी बोटांनी टाटा केला, गाडीत बसून गेली. धूळ खाली बसेपर्यंत वर्ना तशीच बसून होती. मग तिने मान वळवली.

ओसरीत ऊन होतं, घरात अंधार, त्यामुळे आतलं काही दिसत नव्हतं. दिसत होती ती फक्त जाळी. गुडघ्याच्या उंचीला ती बाहेर फुगली होती. एक गोल फुगवटा, कपाळाएवढा. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन छोटे उंचवटे बाहेर आलेले, तळहातांचे. वर्ना बघत असतानाच कपाळ जरा डावीकडे कललं.

मग जाळी हळूहळू सपाट झाली. आतल्या फळ्यांवर टाचा वाजल्या, थप थप थप, मागच्या खोलीकडे.

७

त्या रात्रीपासून लोरीनचे डाग थांबले. जूनमध्ये ती उठून फिरायला लागली, जुलैत कर्टिसशी पूर्वीसारखी भांडायला लागली. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तिला मुलगी झाली, सव्वासात पौंडांची. नाव ठेवलं हेझल. डॉक्टरीण म्हणाली, काय ते कारण कळलं नाही, पण आता सगळं नीट आहे.

लोरीनने घरी आल्या आल्या पोर आईपुढे धरली. वर्ना ओसरीतल्या खुर्चीत बसलेली.

"घे ना, आई."

"आत्ता नको."

"आत्ता नको म्हणजे?"

"हात दुखतात गं."

लोरीन बघत राहिली. "तीन गेली तेव्हा माझ्याबरोबर ऊर बडवायला बरे होते हात. एक जिवंत आली, आणि दुखायला लागले?"

वर्ना काय सांगणार? मांडी रिकामी नव्हती. मे महिन्यापासून ती बसली की थोड्या वेळात टाचा यायच्या, आणि मग मांडीवर वजन यायचं. ऊबदार, ओलसर, दोन वर्षांच्या पोराएवढं. डोळ्यांना तिथे तिचा ॲप्रनच दिसायचा, जरा दबलेला. ते उतरेपर्यंत उठता यायचं नाही. ते उतरल्यावर कधी वर्ना घाईने पाळण्याकडे जायची, हेझलवर वाकायची, आणि मागून तिच्या झग्याला हिसका बसायचा. पहिल्यांदा हलका. दुसऱ्यांदा तसा नाही. दुसऱ्यांदा पाळण्यातली पोर निळी पडली, आणि वर्ना दोन पावलं मागे सरल्यावरच पुन्हा रडली. त्यानंतर वर्ना पाळण्याजवळ गेली नाही.

डेलाच्या मांडीवर बसल्याचं वर्नाला एकदाही आठवत नव्हतं. त्याचा राग तिने आई गेल्यावरही बत्तीस वर्षं धरला होता. तो राग आता गेला. त्याने काही बरं वाटलं, असंही नाही.

"माझी आई दगड आहे," लोरीन शेजारणींना सांगायची, वर्नाला ऐकू जाईल असं. "नातीला आजवर शिवली नाही. थोरांना थोरपण तरी असावं." कर्टिस मध्ये पडायचा, "अगं, वय झालं त्यांचं," आणि दोन्हीकडून बोलणी खायचा. वर्ना ऐकून घ्यायची. पुढच्या शिरगणतीला ती बहात्तर वर्षांची होणार होती. तोवर जगायचं, आणि मग लोरीनला सांगायचं, जिने आईशी धड बोलणं सोडलं होतं तिला. कसं सांगायचं ते तिला अजून सुचलेलं नव्हतं.

हेझल रांगली, चालली, गोवराने तापली आणि उठून बसली. दुसरं वर्ष सरेपर्यंत वर्नाने रोज सकाळी तिचा आवाज कानावर पडल्याशिवाय कॉफी घेतली नाही. आणि मग तिचा तिसरा वाढदिवस आला. लोरीनने सफरचंदाचा सात थरांचा केक केला. चर्चची माणसं आली, कर्टिसचे भाऊ बँजो घेऊन आले, अंगणात टेबलं मांडली. हेझलने गाल फुगवून तिन्ही मेणबत्त्या एका फुंकरीत विझवल्या आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वर्ना ओसरीतून बघत होती. तिचे दोन्ही हात मांडीवरच्या हवेभोवती विळखा घालून होते, घट्ट, आणि हाडं ठणकत होती. कोणीतरी केकची बशी आणून तिच्या शेजारी ठेवली. ती बशी उन्हात तशीच राहिली.

पुढच्या वसंतात लोरीनला मुलगा झाला. तोही धडधाकट. तिचं घर भरलं, आणि भरलेलंच राहिलं.